सुवर्णनगरीचे हंगामी नागरिक



हंगामी हा शब्द आपल्याकडे फार हलका पडला आहे. हंगामी कारकून, हंगामी शिक्षक, हंगामी मजूर. ज्याच्या नावामागे हा शब्द लागला, त्याला कोणी बसायला खुर्चीदेखील नीट देत नाही. आज ज्यांच्याविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे ते सगळे हंगामीच आहेत. मे महिन्यात येतात, सप्टेंबरअखेर जातात. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, काम नसलेले नट असतात, निवृत्त मास्तर असतात. पण एका अख्ख्या गावाचा इतिहास वर्षातले चार महिने या लोकांच्या जिभेवर असतो. प्रवाशाने त्या गावाविषयी कोणता ग्रंथ वाचलेला नसतो आणि पुढेही तो वाचणार नसतो. त्या पोराने किंवा त्या मास्तराने जे सांगितले, तोच त्याच्यापुरता इतिहास. म्हणून या मंडळींना शिकवतात काय आणि शिकवायला हवे काय, हा प्रश्न आम्हांला राजेरजवाड्यांच्या वंशावळींइतकाच महत्त्वाचा वाटतो.

गाव आहे बार्करव्हिल. कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या अंतर्भागात, कॅरिबू नावाच्या डोंगराळ मुलखात, क्वेनेल या शहरापासून पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरांवर विल्यम्स क्रीक नावाचा एक ओढा आहे. त्या ओढ्याच्या काठी एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंस लाकडी घरे, दुकाने, एक उभट छपराचे देऊळ – म्हणजे ख्रिस्ती देऊळ – आणि मागे काळसर सूचिपर्णी झाडांनी भरलेले डोंगर. एवढेच ते गाव.

१८५८ साली फ्रेझर नदीच्या वाळूत सोने सापडल्याचा बोभाटा झाला आणि कॅलिफोर्नियातून हजारो माणसे उत्तरेकडे धावली. त्याच वर्षी इंग्रजांनी घाईघाईने ब्रिटिश कोलंबिया ही वसाहत जाहीर केली; नाहीतर माणसांमागोमाग अमेरिकेचा झेंडाही आला असता. नदीच्या वरच्या अंगाला सरकत सरकत हे लोक कॅरिबूत पोचले. १७ ऑगस्ट १८६२ रोजी बिली बार्कर नावाच्या इंग्रजाने खणलेल्या विहिरीत, सुमारे ५२ फुटांवर, सोने लागले. इतके खोल खणणाऱ्याला तोवर लोक हसत होते असे म्हणतात. हसणारे लगेच खणू लागले. गाव वसले, त्याला बार्करचे नाव मिळाले. येलपासून इथवर सुमारे चारशे मैलांचा, अठरा फूट रुंदीचा गाडीरस्ता १८६५ पर्यंत पुरा झाला. त्याच वर्षी गावाला ‘कॅरिबू सेंटिनल’ नावाचे वर्तमानपत्रही मिळाले. ते दहा वर्षे चालले. आपल्याकडच्या कित्येक नियतकालिकांचे आयुष्य पाहता हे कमी नव्हे.

रस्ता होण्यापूर्वीची एक गंमत सांगण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. १८६२ साली काही उद्योगी लोकांनी सामान वाहण्यासाठी दोन मदारींचे २३ उंट या डोंगरात आणले. हिशेब सरळ होता. उंट खेचराच्या दुप्पट ओझे नेतो आणि पाणी कमी पितो. पण त्या वाटेवर पाण्याची टंचाई नव्हतीच. टंचाई होती ती मऊ जमिनीची. धारदार दगडांनी उंटांचे पाय फाटले आणि त्यांचा वास आला की खेचरे ओझ्यासकट दरीकडे पळू लागली. शेवटी उंट मोकळे सोडून द्यावे लागले. कागदावर बरोबर असलेला हिशेब जमिनीवर कसा चुकतो याचे इतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे आठवत नाही.

सोने सरत गेले तशी माणसेही ओसरली. विसाव्या शतकात तिसाव्या दशकात शेजारच्या वेल्स गावी खडकातल्या सोन्याची खाण सुरू झाली तेव्हा थोडी धुगधुगी आली, मग तीही गेली. गाव मोडकळीस आले. मग फ्रेड लडिट नावाच्या, त्याच मुलखात सोने शोधत राहिलेल्या एका माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी हे गाव राखा म्हणून सरकारच्या मागे टुमणे लावले. १९५८ साली वसाहतीची शताब्दी आली; शताब्दी आली म्हणजे सरकारला पूर्वजांची आठवण येते, हा जगभरचा नियम आहे. प्रांतिक सरकारने बार्करव्हिल ऐतिहासिक उद्यान म्हणून ताब्यात घेतले आणि जीर्णोद्धार सुरू झाला. त्या वेळी गावात थोडे लोक राहत होते. त्यांना जवळच वसवलेल्या नव्या वस्तीत हलवण्यात आले. म्हणजे खरे रहिवासी बाहेर गेले आणि त्यांच्या आजोबांच्या वेषातले पगारी रहिवासी आत आले. जुनी गावे राखण्याच्या या उद्योगात हा एक काटा नेहमी असतो. तो आम्ही लपवू इच्छीत नाही.

या उद्योगाची परंपराही लहान नाही. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे स्कान्सेन नावाचे उघड्यावरचे संग्रहालय काढले. देशभरातली जुनी घरे उचलून आणून मांडली आणि त्यांत त्या त्या प्रांताच्या वेषातली माणसे ठेवली. अमेरिकेत व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग हे जुने राजधानीचे गाव रॉकफेलर यांच्या पैशाने १९२६ पासून उभे राहिले. याउलट कॅलिफोर्नियातील बोडी हे सोन्याचे गाव १९६२ साली सरकारी उद्यान झाले तेव्हा असे ठरले की त्याला रंगरंगोटी करायची नाही; जे जसे पडके आहे ते तसेच, आणखी पडू न देता, राखायचे. तिथे खिडकीतून आत पाहिले की टेबलावर धूळ दिसते, आणि ती धूळच बोलते. बार्करव्हिलने दुसरा मार्ग धरला. तिथे चूल पेटते, घोडागाडी चालते आणि माणसे बोलतात. चूल पेटवायची तर ती पेटवता येणारा माणूस हवा. शिक्षणाची गरज उत्पन्न होते ती इथे.

हे शिक्षण हातापासून सुरू होते. एकविसाव्या शतकातल्या मुलीला १८६० च्या सुमाराचा घेरदार झगा घातला की ती प्रथम दारात अडकते, मग जिन्यावर अडखळते. त्या घेराच्या आत पोलादी कड्यांचा सांगाडा असतो. तो घेऊन जळत्या शेगडीपाशी वावरणे हा त्या काळी बायकांच्या जिवावरचा खेळ होता, आणि आजही आहे. म्हणून झगा कसा आवरायचा, पदर पेटला तर काय करायचे – पदर हा शब्द आम्ही आपल्या सोयीने वापरला – हे आधी शिकायचे. मनगटावरचे घड्याळ, डोळ्यांवरचा काळा चष्मा, नखांवरचा रंग, कपड्याची चेन, बुटाचा रबरी तळ ही सगळी शंभर-दीडशे वर्षांची अंतरे आहेत आणि लहान मुलांना ती सर्वांत आधी दिसतात. लोखंडी शेगडीत लाकूड किती घालायचे, धुराड्याची झडप केव्हा उघडायची, घोड्याच्या मागून का जायचे नाही, अस्वल दिसले तर काय करायचे, प्रवाशाला चक्कर आली तर काय. यांतले इतिहासाच्या पुस्तकात काहीही नसते. पण ज्याने स्वतः लाकूड फोडून, चूल पेटवून, बर्फासारख्या पाण्यात हात घालून कपडे धुतले आहेत त्याला, त्या काळी कपडे धुण्याचे दर इतके चढे का असत, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

हाताचे शिक्षण किती खरे आणि किती फसवे असू शकते हे सोने धुण्यावरून कळते. आपल्या सराफ पेठांतून झारेकरी असत. दुकानासमोरची माती झाडून, पाण्यात धुऊन सोन्याचे कण काढणारे लोक. थाळीत रेती घ्यायची, पाणी घ्यायचे, हिसके द्यायचे, थाळीचा काठ कलता करून हलकी वाळू वाहू द्यायची. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, साधी वाळू अडीचपटीच्या जरा वर. म्हणून तळाशी काळी रेती आणि तिच्यात, नशीब असेल तर, पिवळा ठिपका राहतो. हे नव्या माणसाला एका दिवसात येते. प्रवाशांच्या पोरांना ते फार आवडते आणि अशा गावांतून ते हटकून करून दाखवतात. परंतु बार्करव्हिलचे सोने असे निघालेच नाही! ते सोने चिकणमातीच्या जाड थराखाली, खडकाच्या पाठीवर, पन्नास-साठ फूट खोल होते. त्यासाठी लाकडाचा आधार देत विहिरी खणाव्या लागत, तळाचे पाणी रात्रंदिवस उपसावे लागे, आणि उपसण्यासाठी ओढ्याच्या पाण्यावर फिरणारे मोठाले रहाट बांधावे लागत. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हते. भागीदारी हवी, भांडवल हवे, आणि मजुरीवर राबणारी माणसे हवीत. एकटा दाढीवाला, हातात थाळी, ओढ्याकाठी बसलेला, हे चित्र सिनेमाने आपल्या डोक्यात बसवले आहे. हंगामी शिक्षकाची कसोटी ही की मुलाच्या हातातली थाळी काढून न घेता त्याला त्या रहाटापाशी नेता आले पाहिजे.

आता जिभेचे शिक्षण. आपल्या व्याकरणात तीन पुरुष आहेत. हे गाव दाखवणारे लोक दोन प्रकारे बोलतात. एक प्रथमपुरुषी, ‘मी या गावचा लोहार, साल १८७०’, आणि मग रेल्वे, मोटार, राणीचा मृत्यू यांपैकी काहीही त्याला ठाऊक नाही असे तो वागणार. दुसरा तृतीयपुरुषी, वेष तोच, पण तो म्हणणार, ‘ते लोक असे करीत.’ पहिल्या पद्धतीत रंग भरतो, पण एक अडचण आहे. लोहाराला जे ठाऊक नव्हते ते सांगायचे कोणी? लोहाराच्या मनात चिनी शेजाऱ्याविषयी जे विष होते ते तसेच ओकायचे, की गिळायचे? ओकले तर समोर उभ्या असलेल्या चिनी वंशाच्या मुलीला काय वाटेल; गिळले तर ते खोटे. दुसऱ्या पद्धतीत सत्य सुखाने सांगता येते, पण श्रोता जांभई देतो. दोन्ही पद्धती यायला हव्यात, आणि एकीतून दुसरीत केव्हा उतरायचे हेही. तिसरा जो द्वितीय पुरुष, म्हणजे समोरचा प्रवासी, त्याला विसरून चालत नाही. त्याचा पहिला प्रश्न बहुधा शौचकूप कुठे आहे हा असतो. त्याचे उत्तर १८७० च्या अज्ञानाचे सोंग घेऊन देणाऱ्याला माफी नाही.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी फ्रीमन टिल्डन या पत्रकार-नाटककाराने १९५७ साली या कामावर एक छोटे पुस्तक लिहिले. या धंद्यात ते अजूनही वाचले जाते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माहिती सांगणे म्हणजे अर्थ सांगणे नव्हे. श्रोत्याच्या स्वतःच्या आयुष्याशी गाठ पडल्याशिवाय तुमचे सांगणे वांझ आहे. आणि शिकवण्यापेक्षा त्याला चाळवणे महत्त्वाचे. कीर्तनकारांना हे टिल्डनच्या आधीपासून ठाऊक होते, असे कोणी म्हणाल्यास आमची हरकत नाही. पण कीर्तनकाराला आख्यान रंगवण्याची मुभा आहे. इतिहास सांगणाऱ्याला ती किती?

बार्करव्हिलपुढे हा प्रश्न आगीच्या रूपाने उभा राहतो. १६ सप्टेंबर १८६८ रोजी दुपारी गावाला आग लागली आणि दीड तासाच्या आत शंभरावर इमारती जळाल्या. ती का लागली? गोष्ट अशी सांगतात की, एक खाणवाला इस्त्री करणाऱ्या मुलीचे चुंबन घ्यायला गेला, झटापटीत शेगडीचे धुराडे हलले आणि कनातीच्या छताला आग लागली. प्रवासी या गोष्टीवर खूश होतात. कोणीही खूश होईल. एका मुक्याने गाव जळाले! आता आधार पाहा. फ्रेडरिक डॅली नावाचा छायाचित्रकार तेव्हा गावात होता. त्याने आगीपूर्वीचे गाव टिपले, जळाल्यावरचेही टिपले, आणि आगीची हकीगत लिहून ठेवली. चुंबनाची गोष्ट त्याच्याकडूनच आली आहे. पण डॅली आगीचा साक्षीदार, चुंबनाचा नव्हे. तो त्या खोलीत नव्हता. त्याने ऐकले ते लिहिले. याच डॅलीने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. आदल्या रात्री तो आकाशातला उत्तरध्रुवीय प्रकाश पाहत उभा होता आणि लाकडी छतांतून वर निघालेली धुराडी पाहून त्याच्या मनात आले की, हे गाव एक ना एक दिवस जळणार. ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या डोळ्यांची आणि मनाची आहे. आगीचे खरे कारण हेच; मुलीचा अपराध असो वा नसो, ते गाव जळायलाच बांधले होते. शिकाऊ माणसाला शिकवायचे ते एवढेच: चुंबन जरूर सांगा, पण ‘डॅलीने असे ऐकले’ हे तीन शब्द गाळू नका, आणि नंतर धुराड्यांकडे बोट दाखवा.

इथे आम्हांला आमचीच एक जुनी फजिती सांगितली पाहिजे. उमेदीच्या काळात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन सिंहगडावर जात असू. कड्यापाशी उभे राहून घोरपडीची गोष्ट आम्ही अशी काही सांगत असू की, मुले खाली वाकून घोरपड दिसते का पाहत. एकदा शेजारी टेकून उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी गोष्ट संपल्यावर अगदी सौम्यपणे विचारले, ‘मास्तर, याला समकालीन आधार कोणता?’ आम्ही तानाजीचे शौर्य, मराठ्यांची जिद्द वगैरे बरेच बोललो. ते म्हणाले, ‘ते आहेच. मी घोरपडीबद्दल विचारले.’ घोरपडीला आधार नव्हता, आणि डॅलीसारखा सांगोवांगी लिहिणारा समकालीनही आमच्याकडे नव्हता. मराठे रात्री कडा चढून गेले, तानाजी पडला आणि गड आला, एवढे सांगून मुलांचे डोळे विस्फारले नसते असे आम्हांला का वाटले होते, ते आज सांगता येत नाही. मुलांवर आमचा विश्वास नव्हता हेच खरे.

बार्करव्हिलच्या दुसऱ्या दोन घोरपडी अशाच. एक म्हणजे, हे गाव एके काळी शिकागोच्या पश्चिमेला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सर्वांत मोठे होते ही प्रौढी. पाट्यांवर आणि पुस्तकांत ती पिढ्यानुपिढ्या उतरली. तिच्यामागे शिरगणती नाही. आणि हाच दावा त्या किनाऱ्यावरची दुसरी गावेही करतात. दुसरी, बिली बार्कर हा जहाजातून पळालेला कॉर्नवॉलचा खलाशी होता ही. कागदपत्रे शोधता तो निघाला केंब्रिजशरचा, कालव्यांतून होड्या हाकणाऱ्या लोकांतला. खलाशी अधिक रंगतदार असतो यात शंका नाही. पण कालव्यावरच्या माणसाला चिखल, पाणी आणि बांध यांची जी समज असते ती, ५२ फूट खाली उतरताना, समुद्रापेक्षा कामास आली असेल, असा आमचा तर्क. हा तर्क आहे, आधार नव्हे.

पण चुंबन आणि खलाशी या गमतीच्या गोष्टी झाल्या. खरी कसोटी पुढे आहे. या मुलखाचे पहिले न्यायाधीश मॅथ्यू बेली बेग्बी. सहा फुटांवर उंची, टोकदार दाढी, घोड्यावरून शेकडो मैल फिरून तंबूत न्यायालय भरवणारा माणूस. गावापासून दीडएक किलोमीटर वर रिचफील्डला १८८२ साली बांधलेले न्यायालय अजून उभे आहे. तिथे बेग्बीच्या वेषातला नट न्यायासनावर बसतो आणि प्रवाशांना झोडपतो, ही तिथली जुनी लोकप्रिय प्रथा. लोकांनी बेग्बीला फाशी देणारा न्यायाधीश असे नाव पाडले. हे नाव अन्यायाचे आहे असे अभ्यासकांनी दाखवले. खुनाला तेव्हा फाशीखेरीज शिक्षा नव्हती, दोषी ठरवणे पंचांच्या हाती होते, आणि चिन्यांवर बसवलेल्या जाचक करांविरुद्ध याच बेग्बीने निकाल दिले. तो मूळच्या रहिवाशांच्या भाषाही शिकला. इथवर नटाचे काम सोपे आहे. मग येते १८६४ साल. समुद्रकिनाऱ्याहून सोन्याकडे जाणारा दुसरा रस्ता आपल्या प्रदेशातून नेला जात आहे हे पाहून त्सिलकोतिन लोकांनी त्या कामावरच्या चौदा जणांना एप्रिलअखेर ठार केले आणि पुढे आणखीही काही मारले. त्यांच्या दृष्टीने ते युद्ध होते. त्यांचे प्रमुख बोलणी होणार या समजुतीने आले. त्यांना पकडण्यात आले. बेग्बीपुढे खटला चालला आणि २६ ऑक्टोबर १८६४ रोजी क्वेनेल येथे पाच प्रमुखांना फाशी झाली. दीडशे वर्षांनी, २०१४ साली, प्रांतिक सरकारने क्षमा मागितली. २६ मार्च २०१८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून त्या प्रमुखांना निर्दोष म्हटले. २०१७ साली प्रांताच्या वकीलसंस्थेने आपल्या कचेरीतून बेग्बीचा पुतळा हलवला, २०१९ साली न्यू वेस्टमिन्स्टर गावानेही.

आता विचार करा. ज्या माणसाचा पुतळा शहरातून हलवला, त्याचे सोंग घेऊन एक हंगामी नट रोज दुपारी लोकांना हसवतो, आणि समोरच्या बाकावर त्सिलकोतिन कुळातली आजी नातवाला घेऊन बसलेली असू शकते. त्या नटाने काय करावे? नाटक बंद करा म्हणणे सोपे. मग ऐंशी किलोमीटरांवर झालेल्या त्या पाच फाशांची गोष्ट त्या डोंगरात सांगणार कोण? नुसता विनोद ठेवा म्हणणे त्याहून सोपे. आमचे मत असे की, नटाने अंगरखा उतरवावा, तृतीय पुरुषात यावे आणि पाचही माणसांविषयी सांगावे; न्यायाधीशाचा चांगुलपणा आणि त्याचा तो निकाल एकाच माणसाचे होते हे सांगावे. यासाठी नटाला नुसते संवाद देऊन भागत नाही. त्याला खटल्याची हकीगत वाचायला दिली पाहिजे, ती त्या लोकांच्या तोंडून ऐकवली पाहिजे, आणि ‘हे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असे म्हणण्याची परवानगी दिली पाहिजे. हंगामी माणसाला सर्वांत मोठी भीती अज्ञान उघडे पडण्याची असते, आणि त्या भीतीपोटीच घोरपडी जन्मतात.

ज्या १८६२ साली बार्करला सोने लागले त्याच साली मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजाबरोबर देवी व्हिक्टोरिया बंदरात उतरल्या. गावाभोवती राहुट्या ठोकून असलेल्या मूळच्या लोकांना सरकारने रोगासह हुसकून लावले आणि रोग किनाऱ्याने व आतल्या मुलखात पसरला. हजारो मेले, गावेच्या गावे उठली. सोन्याचे वर्ष आणि देवींचे वर्ष एकच. गाव दाखवणाराने एक सांगून दुसरे सांगितले नाही, तर हा मुलूख आधीपासून रिकामा होता असे ऐकणाऱ्याला वाटेल.

चिनी लोकांचेही तसेच. सोने ओसरू लागल्यावर तर गावात त्यांची संख्या फार मोठी होती. क्वाँग ली ही त्यांची पेढी व्हिक्टोरियापासून इथवर दुकाने चालवी. त्यांच्या ची कुंग टाँग या मंडळाची इमारत अजून उभी आहे. मेलेल्यांच्या अस्थी काही वर्षांनी उकरून मायदेशी पाठवण्याची त्यांची रीत होती. म्हणून त्यांच्या स्मशानात अनेक खड्डे रिकामे आहेत. आम्हांला हे रिकामे खड्डे साऱ्या गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा अधिक बोलके वाटतात. कॅनडाने १८८५ साली चिनी माणसावर पन्नास डॉलरची डोईपट्टी बसवली, १९०३ पर्यंत ती पाचशेवर नेली आणि १९२३ साली त्यांना दारच बंद केले, ते १९४७ पर्यंत. पहिल्या जीर्णोद्धारात मान होता तो दाढीवाल्या गोऱ्याला. चिनी वस्तीचा इतिहास मन लावून सांगितला जाऊ लागला तो नंतर. मूळच्या रहिवाशांचा तर त्याहूनही नंतर. गावात डब्ल्यू. डी. मोझेस नावाचा काळा न्हावी होता. कॅलिफोर्नियातल्या जाचाला कंटाळून १८५८ साली जे काळे लोक व्हिक्टोरियास आले त्यांतला. केस वाढवण्याचे औषध विकी. आपल्या एका मित्राच्या टाचणीवरचा सोन्याचा खडा दुसऱ्याच माणसाकडे गेल्याचे याने ओळखले आणि त्यातून १८६६ चा एक खून उघडकीस आला. असे पात्र मिळाले तर कुठला नाटककार सोडील?

व्हर्जिनियाच्या विल्यम्सबर्गात अठराव्या शतकात निम्मी वस्ती काळ्या लोकांची होती, पण रॉकफेलरच्या गावात कित्येक वर्षे ती दिसत नव्हती. १९७९ पासून काळे नट गुलामांच्या भूमिकेत येऊ लागले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी तिथे गुलामांचा लिलाव रस्त्यावर करून दाखवला गेला. काळ्यांच्या संघटनांनीच विरोध केला. आमच्या दुःखाचा तमाशा नको म्हणाले. त्यांतल्या एका पुढाऱ्याने प्रयोग डोळ्यांनी पाहिल्यावर आपला विरोध मागे घेतला. दोन्ही बाजू आम्हांला पटतात. लिलाव पुन्हा तसा वर्षानुवर्षे करून दाखवणे कोणत्या माणसाला झेपले असते? संध्याकाळी वेष उतरवल्यावर त्या बाईने घरी जाऊन जेवायचे कसे, हा प्रश्न कोणत्या शिक्षणक्रमात असतो?

आपल्याकडे २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक जिंजी. सिंहगड त्यांत नाही, म्हणून घोरपडीचे संकट जागतिक होण्यापासून वाचले. पण रायगडावर, प्रतापगडावर, शिवनेरीवर आता परदेशचे प्रवासी अधिक येतील, आणि त्यांना तो गड दाखवील तो गडाखालच्या गावातला एखादा पोरगा, पावसाळ्यात भात लावणारा आणि उन्हाळा-हिवाळ्यात वाट दाखवणारा. त्याच्याविषयी आम्हांला आदर आहे. त्याला पायवाट ठाऊक आहे, टाके ठाऊक आहे, कुठल्या दगडावर शेवाळ असते ते ठाऊक आहे. बार्करव्हिलला येणाऱ्या विद्यार्थ्याला जे दोन आठवडे शिकवावे लागते ते हा जन्मतः घेऊन आला आहे. त्याला कागद कोणी दाखवले आहेत? बखर म्हणजे काय, शकावली म्हणजे काय, इंग्रजांच्या वखारीचे पत्र कशास म्हणतात, आणि पोवाडा या सगळ्यांहून कसा वेगळा, हे त्याला एका पावसाळ्यात सांगता येईल. पावसाळ्यात त्याला लावणीचे काम असते हे खरे. मग श्रावण धरा. आणि त्याला मजुरी द्या. चार महिन्यांच्या पगारावर बारा महिन्यांचे पोट भरणाऱ्याकडून आपण सत्याची अपेक्षा करतो आणि बक्षीस मात्र टाळ्या वाजल्या तर देतो. मग तो घोरपड सोडील कशाला?

बार्करव्हिलची एक हकीगत सांगून थांबतो. १८६८ च्या आगीनंतर ते गाव लगेच पुन्हा उभे राहिले. रस्ता जरा रुंद केला, आणि नाट्यगृह बांधले ते अग्निशामक दलाच्या जोडीने, एकाच इमारतीत. त्या आगीची गोष्ट सांगण्यात तिथल्या हंगामी लोकांच्या कित्येक पिढ्या गेल्या. २०२४ च्या जुलै महिन्यात, ऐन हंगामात, जवळच्या रानात वणवा पेटला आणि वेल्स व बार्करव्हिल दोन्ही गावे रिकामी करण्याचा हुकूम आला. १८६८ चे सोंग घेणाऱ्यांना खरोखरच गाव सोडावे लागले. वणवा गावापर्यंत पोचला नाही. लोक परत आले आणि दुकानांची दारे पुन्हा उघडली.